निःसही ते आसही : मुक्कामाचा इतिहास



आषाढ जवळ आला की आपल्या सगळ्यांच्या फोनवर एकच विचारणा सुरू होते. यंदा महाराजांचा चातुर्मास कुठे? माताजींचा मुक्काम अजून किती दिवस? संघ पुढे कधी निघणार? मुक्काम हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. पण मुक्काम करणे, तळ टाकणे, छावणी करणे म्हणजे नेमके काय? आपल्या आधी कोणी कोणी आणि कसे मुक्काम केले? त्यातून आपल्या चातुर्मासाबद्दल काय शिकता येते? या वेळी त्याबद्दल लिहिते आहे.

आधी शब्द पाहू

मराठीत यासाठी शब्दांची कमी नाही. मुक्काम हा अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ उभे राहण्याची जागा. तळ म्हणजे बूड, पाया. जिथे बूड टेकले तो तळ. शिबिर आणि स्कंधावार हे संस्कृत शब्द, दोन्ही मुळात सैन्याच्या तळाचे. तंबू, राहुटी, पाल, डेरा, कनात हे सगळे कापडाचे संसार. उर्दू या भाषेचे नावच मुळी छावणीवरून पडले. तुर्की भाषेत त्या शब्दाचा अर्थ लष्कराचा तळ. इंग्रजांचा कॅम्प लॅटिनमधून आला, त्याचा अर्थ मोकळे मैदान. पुण्यात आणि बेळगावात आपण अजून कॅम्पात खरेदीला जातो, ती जागा एके काळी गोऱ्या पलटणींची होती.

मला सर्वांत आवडतो तो छावणी हा शब्द. छावणे म्हणजे वर छप्पर घालणे, शाकारणे. म्हणजे छावणी या शब्दात लढाई नाही, पाऊस आहे. डोक्यावर गवताचे छप्पर घालून पाऊस जाईपर्यंत थांबायचे, ती छावणी.

आणखी एक शब्द आपल्या अगदी घरचा आहे. कोल्हापूर-सांगलीकडे आपण देवळाला बस्ती म्हणतो, कर्नाटकात बसदी म्हणतात. दोन्ही वसति या शब्दापासून आले. वसति म्हणजे राहण्याची जागा. शास्त्रात मुनींच्या उतरण्याच्या जागेला वसतिका म्हणतात. आपण रोज दर्शनाला जातो त्या जागेच्या नावातच मुक्काम आहे.

राजांचे तळ

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सैन्याचा तळ कसा टाकावा यावर वेगळा भाग आहे. सेनानायक, सुतार-स्थपती आणि ज्योतिषी यांनी मिळून जागा मापायची. तळ गोल, लांबट किंवा चौकोनी, जशी जमीन असेल तसा. चार दारे, सहा रस्ते, नऊ भाग. राजा कुठे, कोठार कुठे, हत्ती-घोडे कुठे, व्यापारी कुठे, सगळे ठरलेले. म्हणजे एका रात्रीत उभे राहणारे गावच.

जुने ताम्रपट वाचले तर अनेक दानपत्रे राजधानीतून दिलेली नसतात, ती विजयस्कंधावारातून म्हणजे राजाच्या तळावरून दिलेली असतात. राजा जिथे तंबू ठोकेल तिथे दरबार. मोगल बादशहांचे तळही तसेच. औरंगजेब दक्षिणेत उतरला तो परत दिल्लीला गेलाच नाही. त्याची शेवटची पंचवीसएक वर्षे इकडेच गेली, त्यांतला बराच काळ तंबूत. मंगळवेढ्याजवळ भीमेकाठच्या ब्रह्मपुरीला, म्हणजे माचणूरला, त्याचा तळ काही वर्षे होता.

एवढा मोठा तळ पडला की त्या मुलखाचे काय होत असेल, याचा विचार आपण बायकांनी करावा. हजारो माणसे, घोडी, बैल, उंट. त्यांना रोज पाणी हवे, सरपण हवे, दाणा-वैरण हवी. आसपासची विहीर, गंजी, बाभळीचे झाड काही शिल्लक राहत नसेल. ज्याच्या शेतावर तळ पडला त्या घरच्या बाईने त्या संध्याकाळी चुलीवर काय शिजवले, हे कोणत्याही बखरीत लिहिलेले नाही.

शिवछत्रपतींची छावणी

म्हणूनच शिवाजी महाराजांचा नियम वेगळा उठून दिसतो. सभासदाच्या बखरीत लष्कराची वर्षभराची शिस्त सांगितली आहे. पावसाळ्यात लष्कराने आपल्या मुलखात छावणीला यावे. त्याआधीच घोड्यांसाठी आणि माणसांसाठी घरे गवताने शाकारून तयार असावीत, दाणा, रतीब, औषधे भरून ठेवलेली असावीत. दसरा झाला की छावणी हलवून कूच करावे आणि आठ महिने बाहेर मुलूखगिरी करावी. निघताना प्रत्येकाजवळच्या वस्तूंची यादी करायची आणि परत आल्यावर त्या यादीवरून तपासायचे.

आठ महिने चालायचे, चार महिने थांबायचे. हा हिशोब आपल्याला ओळखीचा वाटतो ना? त्याकडे आपण येणारच आहोत.

त्याच संदर्भात 1673 सालच्या मे महिन्यातले महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणच्या बाजूला घोडदळाची छावणी होती, तिथल्या जुमलेदार-हवालदारांना ते लिहिले आहे. ते वाचताना मला एखाद्या जाणत्या सासूने भांडारघराच्या किल्ल्या देताना सांगितलेल्या गोष्टी आठवतात. पावसाळ्यासाठी जो दाणा आणि जे गवत साठवले आहे ते आत्ताच हवे तसे उधळाल तर भर पावसात काही मिळणार नाही आणि घोडी उपाशी मरतील, त्याचे पाप तुमच्यावर, असे त्यात बजावले आहे. मग चीजवस्तू संपल्यावर तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कोणी दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी भाजी, कोणी लाकूडफाटा. असे झाले तर रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. तेव्हा जे हवे ते बाजारातून विकत आणा, रयतेच्या काडीला हात लावू नका. आणि शेवटी आगीची काळजी. गवताच्या गंज्या जवळ आहेत, कोणी चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि सगळी छावणी जळेल.

उंदीर वात नेतो, ही गोष्ट राजाला माहीत होती. दोन-तीन पानांच्या पत्रात मुक्कामाचे सगळे शास्त्र आले. साठा मोजून वापरा, यजमानाला ओझे होऊ नका, आग सांभाळा.

मुनींचे आठ महिने आणि चार महिने

आता आपल्या परंपरेकडे येऊ. सैन्य पावसाळ्यात थांबते कारण त्याला चालता येत नाही. नद्या भरतात, चिखलात घोडे रुततात, तोफगाडे अडकतात. मुनी पावसाळ्यात थांबतात ते मात्र स्वतःच्या सोयीसाठी नव्हे. पावसात जमिनीतून कोंब फुटतात, किडे, गांडुळे, गोगलगाई, डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव वर येतात. चार हात जमीन पाहून पाऊल टाकायचे म्हटले तरी पाऊल टाकायला जागा उरत नाही. म्हणून थांबायचे. थांबण्याचे कारण आपल्या पायाखालचा जीव.

ही प्रथा किती जुनी असावी? बौद्धांच्या विनयपिटकात एक प्रसंग आहे. भिक्खू पावसाळ्यातही फिरतात, हिरवे गवत तुडवतात, लहान जीव मारतात, इतर पंथांचे साधू मात्र एका जागी राहतात, अशी तक्रार लोकांनी केली. त्यानंतर बुद्धांनी भिक्खूंसाठी वर्षावास ठरवला. त्या इतर पंथांच्या साधूंत आपले निर्ग्रंथ असणारच. लोकांना ती चाल अंगवळणी पडली होती, म्हणून तर त्यांनी तक्रार केली.

श्वेतांबर परंपरेच्या कल्पसूत्रात भगवान महावीरांनी कोणता पावसाळा कुठे काढला त्याची यादी आहे. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, त्यामुळे यादी दिसली की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. अस्थिग्राम 1, चंपा आणि पृष्ठचंपा 3, वैशाली आणि वाणिज्यग्राम 12, राजगृह आणि नालंदा 14, मिथिला 6, भद्रिका 2, आलंभिका 1, पणितभूमी 1, श्रावस्ती 1 आणि शेवटचा पावापुरीत 1. एकूण 42. साधनेची बारा आणि उपदेशाची तीस वर्षे मिळून तेवढीच होतात. एकही पावसाळा हिशोबाबाहेर राहिलेला नाही. पावापुरीतला शेवटचा मुक्काम कुठे होता? हस्तिपाल राजाच्या कारकुनांच्या कचेरीत. आजच्या भाषेत ऑफिसच्या रिकाम्या दालनात. तीर्थंकरांचा शेवटचा मुक्काम मागून घेतलेल्या जागेत झाला.

आपल्या दिगंबर परंपरेतही पावसाळ्याच्या तोंडाशीच मोठी घटना आहे. केवलज्ञान झाल्यावर भगवंत सहासष्ट दिवस मौन होते. इंद्रभूती गौतम आले आणि राजगृहाच्या विपुलाचलावर पहिली दिव्यध्वनी झाली, ती आषाढ वद्य प्रतिपदेला. तीच वीरशासन जयंती. समवसरण या शब्दाचा अर्थही सगळ्यांनी येऊन जमणे असाच आहे. बारा सभांचे ते स्थान देव उभे करतात आणि विहार झाला की तिथे काही उरत नाही. त्यात तिसरी सभा आर्यिका आणि श्राविकांची, बारावी पशुपक्ष्यांची. सर्वांत थोर तळ असा आहे, ज्यात हरणालाही जागा आहे आणि जो जमिनीवर ओरखडा न ठेवता उठतो.

आपल्याकडे वर्षायोगाची स्थापना आषाढ शुद्ध चतुर्दशीला होते आणि निष्ठापन आश्विन वद्य चतुर्दशीच्या रात्री, म्हणजे वीरनिर्वाणाच्या आदल्या रात्री. हे साधारण साडेतीन महिने झाले. श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध चतुर्दशीपर्यंत पूर्ण चार. उरलेले दिवस विहाराचे. मूलाचारात तर मुनींनी गावात एक रात्र आणि नगरात पाच दिवस राहावे असे सांगितले आहे. जास्त राहिले की जागेचा लोभ जडतो आणि यजमानाला भारही होतो.

आधी घर सारवून होऊ द्या

कल्पसूत्रातच एक जागा आहे, ती वाचून मला आपल्या आज्यांची आठवण झाली. भगवान महावीरांनी पर्युषण पावसाळा सुरू होताच धरले नाही, एक महिना वीस दिवस झाल्यावर धरले. का? तर तोवर गृहस्थांची घरे तयार झालेली असतात. चटया बांधून, भिंती पांढऱ्या करून, जमीन सारवून, सपाट करून, पाणी जायला चर आणि गटारे खणून लोकांनी आपापली घरे स्वतःसाठी नीट केलेली असतात.

यातला 'स्वतःसाठी' हा शब्द महत्त्वाचा. साधू आधीच येऊन बसले तर बायका त्यांच्यासाठी सारवायला घेतील, त्यांच्यासाठी खणतील, आणि त्या कामात जे जीव मरतील त्याला निमित्त साधू होतील. म्हणून घर आधी आपल्या गरजेने तयार होऊ द्यायचे आणि मग त्यातला एक कोपरा मागायचा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बाईचे पावसाळ्याआधीचे काम धर्मग्रंथात नोंदले गेले आहे, आणि साधूंनी त्या कामाचा मान राखला आहे.

उद्दिष्ट-त्याग हाच. मुनींसाठी म्हणून बनवलेला आहार आणि मुनींसाठी म्हणून बांधलेली जागा मुनी घेत नाहीत. मुनींच्या दहा स्थितिकल्पांत याचबरोबर शय्यातरपिंडही येतो. ज्याने राहायला जागा दिली तो शय्यातर. त्याच्या घरचा आहार घ्यायचा नाही. एकाच घरावर जागेचाही भार आणि जेवणाचाही भार पडू नये, किती साधा विचार आहे. घरी पाहुणे ठेवून घेतलेल्या कोणत्याही बाईला यातली माया लगेच कळेल.

आणि मुक्कामाचा पहिला शब्द कोणता? तो आपण सगळ्या रोज म्हणतो. देवळात पाऊल ठेवताना निःसही, निःसही, निःसही. मुनी गुहेत, पडक्या घरात, झाडाखाली, कुठेही उतरले की तिथे आधीपासून राहणाऱ्या देवतांना, जीवांना निसही म्हणून विचारतात, आम्ही इथे थांबू का? निघताना आसही म्हणतात, आम्ही निघतो. जागा कितीही ओसाड असली तरी ती कोणाची तरी आहे, असे धरून चालायचे. कौटिल्याच्या तळात चार दारे आणि सहा रस्ते आहेत, पण विचारणे नाही.

लेण्यांतला हिशोब

पावसात थांबायला कोरडी जागा लागते. आपल्या सह्याद्रीतली लेणी त्यासाठी फार सोयीची. पुणे जिल्ह्यात पाले येथील लेण्यात अरहंतांना वंदन करून सुरू होणारा प्राचीन ब्राह्मी लेख आहे, आणि त्यात लेण्याबरोबर पोढीचा म्हणजे पाण्याच्या टाक्याचा उल्लेख आहे. छप्पर आणि पाणी, मुक्कामाला एवढेच लागते.

पण खर्चाची सर्वांत चोख नोंद नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. ती बौद्ध भिक्खूंसाठीची आहे, तरी आपण शिकण्यासारखी आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने लेणे दान दिले आणि त्याबरोबर 3000 कार्षापणांची कायम ठेव ठेवली. गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे 1000, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीही काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे.

आता गणित करून पाहा. 2000 वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला 20, वर्षाला 240. वीस भिक्खू गुणिले बारा, बरोबर 240. ना एक नाणे कमी, ना एक जास्त. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे 90 इतर किरकोळ खर्चासाठी. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला हा अंदाजपत्रकाचा कागद आहे. त्यात किती साधू राहणार ते आधी ठरले, त्यांची गरज ठरली, आणि तेवढीच ठेव ठेवली.

तळावरची चूल

आपल्या पुराणांतही मुक्काम आहे, आणि तोही अगदी पहिल्या तीर्थंकरांच्या कथेत.

श्वेतांबर परंपरेत ऋषभदेवांचा जीव पूर्वजन्मी धन नावाचा सार्थवाह होता. मोठा तांडा घेऊन तो व्यापाराला निघाला. त्याच्या आश्रयाने धर्मघोष आचार्यही संघासह निघाले. वाटेत पावसाने गाठले, रानातच तळ पडला, शिधा संपला, लोक कंदमुळे खाऊन राहू लागले. एका रात्री धनाला आठवले की साधूंची विचारपूस आपण केलीच नाही. ते तर कंदमुळेही घेणार नाहीत. सकाळी तो शरमून त्यांच्याकडे गेला आणि त्याच्याजवळ निर्दोष असे जे होते ते तूप त्याने दिले. त्या दानाने त्याला सम्यक्त्वाचे बीज मिळाले.

आपल्या दिगंबर परंपरेत जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात कथा वेगळी आहे. नवव्या शतकातला हा ग्रंथ, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष ज्यांना गुरू मानी त्या आचार्यांचा. त्यात ऋषभदेवांचा जीव वज्रजंघ राजा आहे, राणी श्रीमती. प्रवासात एका सरोवराकाठी त्यांचा तळ पडला होता. रानात मिळाला तरच आहार घेऊ असा नियम केलेले दमधर आणि सागरसेन हे दोन मुनी तिथे आले. राजा-राणीने तळावरच्या रसोईतून त्यांना भक्तीने आहार दिला. वाघ, डुक्कर, वानर आणि मुंगूस हे चार प्राणी ते पाहत उभे होते. त्यांनी काही दिले नाही, फक्त मनाने आनंद मानला. त्या अनुमोदनेनेही त्यांचे कल्याण झाले.

दोन परंपरा, दोन कथा, पण दोन्हींत देवळाचे शिखर नाही, मंडप नाही, नगारा नाही. रानातला तळ, तळावरची चूल आणि घरच्या शिध्यातले थोडेसे. तीर्थंकरपदाकडे जाणाऱ्या वाटेचा उगम तिथे आहे.

दक्षिणेतून शिखरजीला

अलीकडच्या इतिहासातला सर्वांत मोठा चालता मुक्काम म्हणजे चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांची शिखरजी यात्रा. भोज गावचे महाराज, 1872 चा जन्म. 1920 साली यरनाळला मुनिदीक्षा, 1924 साली समडोळीला आचार्यपद. 1927 साली कुंभोज-बाहुबलीहून संघ निघाला आणि 1928 साली सम्मेदशिखरजीला पोचला. मुंबईच्या जव्हेरी घराण्याने संघाची जबाबदारी घेतली होती. त्या वर्षीचा वर्षायोग मग कटनीला झाला. उत्तरेत कित्येक पिढ्यांनी दिगंबर मुनी पाहिलेलेच नव्हते.

या यात्रेबद्दल वाचताना माझे मन नेहमी चौक्याकडे जाते. मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. म्हणजे रोज नव्या गावी, नव्या विहिरीवर कोणीतरी सोवळ्याने पाणी शेंदले असेल, दुहेरी गाळण्याने गाळले असेल, उकळले असेल, चूल मांडली असेल, जात्यावर ताजे पीठ काढले असेल. पाणी गाळल्यावर गाळण्यावर राहिलेली जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत हळू सोडायची, दुसरीकडे नाही, हा आपला नियम. शेकडो मैलांच्या वाटेवर जिथून घेतले तिथेच परत दिले. ज्यांनी हे केले त्या बायकांची नावे बहुतेक कुठे नोंदलेली नाहीत. पण त्यांच्याशिवाय संघ एक मुक्कामही पुढे गेला नसता.

आजचा मुक्काम

हे सगळे सांगण्याचे कारण आता लिहिते.

आज चातुर्मास म्हटला की आधी अंदाजपत्रक लाखांत निघते. चार रंगांची पत्रिका, चौकाचौकांत फ्लेक्स, पावसाळी पत्र्याचा मंडप, ध्वनिक्षेपक, बाहेरगावच्या बसगाड्यांसाठी कॅटरिंग, कलशाच्या बोली. प्रभावना होते, तरुण मुले जोडली जातात, हे मी मान्य करते आणि त्याचा आनंदही मानते. पण दुसरी बाजूही पाहा. वीस-पंचवीस घरांचे गाव आता चातुर्मासाची विनंती करायलाच घाबरते. एवढा खर्च आम्हाला कुठून झेपणार, असे ते म्हणतात. ज्या गावांनी आपल्याला मुनी दिले, ती गावे मुनींच्या मुक्कामाला मुकायला लागली तर काय उपयोग?

आणि आहे त्या गावी चौक्यात कोण दिसते? साठी-सत्तरीच्या त्याच पाच-सात जणी. पहाटे चारला उठून, गुडघे धरून. सुना नोकरीला जातात, त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. मुक्कामाचा भार एकाच्या खांद्यावर पडू नये हे शय्यातरपिंडाचे तत्त्व आपल्याला चौक्यात का आठवू नये?

त्यागी कधी मंडप मागत नाहीत. मागतो तो आपला हौशी स्वभाव. म्हणून मला चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. महिला मंडळाच्या बैठकीत जरूर बोला.

पहिली, चातुर्मासाआधी नाशिकच्या लेखासारखा छोटा कागद करावा. किती त्यागी, किती दिवस, गरज किती. त्यापलीकडचा खर्च वेगळ्या रकान्यात लिहावा, म्हणजे हौस किती आणि गरज किती ते सगळ्यांना दिसेल. निष्ठापनानंतर जमाखर्च बस्तीच्या फलकावर लावावा.

दुसरी, चौक्याच्या पाळ्या लेखी ठराव्यात. नोकरी करणाऱ्या मुलींना रविवार द्यावा, पुरुषांना पाणी भरणे, निवडणे, भांडी हे काम द्यावे. सोवळे पाळले म्हणजे झाले. शुद्धी बाईमाणसाचीच मक्तेदारी नाही.

तिसरी, मुळात जे आहे ते वापरावे. बस्तीचे सभागृह, शाळेची सुटीतली खोली, कोणाचा रिकामा वाडा. भगवंतांना कारकुनांची कचेरी पुरली.

चौथी, लहान गावांसाठी मोठ्या गावांनी थोडी ठेव ठेवावी, मुद्दल न मोडता. व्याजातून दरवर्षी एका लहान गावाचा वर्षायोग साधेपणाने होऊ शकेल.

पाऊस आला की मुंगी आपले अंडे उचलून कोरड्या जागी नेते, पक्षी घरटे बांधतो, शेतकरी घर शाकारतो. थांबणे ही सगळ्या जिवांची गरज आहे. धर्म सुरू होतो तो थांबताना कोणाला विचारले आणि निघताना काय मागे ठेवले, यावरून. राजांचे तळ उठले तेव्हा मागे राख आणि कोरड्या विहिरी राहिल्या. मुनी उठतात तेव्हा त्यांच्या मागे झाडलेली जमीन राहते.

यंदा आश्विन वद्य चतुर्दशीच्या रात्री वर्षायोग पूर्ण होईल, दुसऱ्या दिवशी आपण निर्वाण लाडू चढवू आणि मग संघ आसही म्हणून निघेल. त्यानंतर दोन दिवसांनी मंडपाच्या जागेवर एक फेरी मारून या. खड्डे बुजवलेत का, दोऱ्या-प्लॅस्टिक उचलले का, ज्या विहिरीचे पाणी घेतले तिचा कठडा धड आहे का, ज्या बाईने चार महिने चौका सांभाळला तिला कोणी भेटून आले का. एवढे झाले असेल तर आपला मुक्काम पार पडला असे समजावे.

जय जिनेंद्र.